पंचिंगच्या टिकल्या, खाकी पाकिटं आणि चित्र: कामाच्या जागी सुरुवात करणाऱ्यांसाठी

चित्र काढायची हौस आहे, पण रंग कुठून आणू आणि वेळ कधी काढू, असं म्हणणाऱ्या कितीतरी जणांच्या टेबलावर पंचिंग मशीन असतं. त्याचं खालचं झाकण उघडून बघा. आत कागदाच्या गोल टिकल्या साठलेल्या असतात, सगळ्या एका मापाच्या, कडा स्वच्छ कापलेल्या. शेजारी पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा असतो, खाकी पाकिटं असतात, व्हाइटनर असतो, चिकट चिठ्ठ्यांचे पॅड असतात. एवढ्यावर चांगलं चित्र होतं. कसं करायचं ते इथे क्रमाने सांगतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. नवीन माणूस चित्र आधी ठरवतो, बहुतेक वेळा गणपती किंवा शिवाजी महाराज, आणि मग ते जमवायला सामान शोधत फिरतो. हे उलटं करा. हाताशी काय आहे ते आधी बघा, त्याला काय जमतं आणि काय मुळीच जमत नाही ते ओळखा, आणि त्यातून चित्र निघू द्या.

मुंबईचे चंद्रकांत भिडे युनियन बँकेत टायपिस्ट होते. इंटरकॉमच्या नंबरांची यादी टाइप करायचं काम आलं, तेव्हा त्यांनी ती टेलिफोनच्या आकारात टाइप केली. तिथून सुरुवात झाली. पुढे त्याच यंत्रावर त्यांनी गणपती काढले, नामवंतांची व्यक्तिचित्रं काढली, प्रदर्शनं भरवली. निवृत्त होताना बँकेने ते यंत्र त्यांना एक रुपयात दिलं. टाइपरायटरला हवी तशी रेघ वळवता येत नाही. त्याला फक्त अक्षर मारता येतं. तेच अक्षर त्याच जागी पुन्हा मारलं की डाग गडद होतो. टाइपरायटरवरच्या चित्रातली सगळी छाया या एवढ्याशा गोष्टीतून येते. तुमच्या सामानातही अशी एखादी गोष्ट असते, ती आधी सापडायला हवी.

पहिला आठवडा नुसतं साठवा

या आठवड्यात काही करायचं नाही. कामातून रोज काय उरतं ते बघा आणि बाजूला ठेवा. चुकलेले प्रिंट, जुनी कॅलेंडरं, आलेल्या लग्नपत्रिका, रद्द झालेल्या गुलाबी-पिवळ्या चलनांचे कोरे नमुने, फाटलेली फाईल कव्हरं, रीमच्या खोक्याचा पुठ्ठा. सफाईच्या मावशींना सांगून ठेवा की पंचिंग मशीन रिकामं करताना टिकल्या टाकू नका. कशाला हव्यात तेही सांगा. एकदा कळलं की त्या इतर टेबलांवरच्या टिकल्याही आणून देतात आणि पुढे चित्र कुठवर आलं म्हणून चौकशीही करतात.

साहेबांच्या कानावर घालणंही याच आठवड्यात उरका. जेवणाच्या सुट्टीत किंवा काम सुटल्यावर करणार, रद्दीतलं वापरणार, एवढं सांगितलं तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. काही गोष्टींना मात्र हात लावायचा नाही. कार्यालयाचा शिक्का कुठल्याही चित्रात उमटवू नका, गंमत म्हणूनसुद्धा नाही. लेटरहेड वापरू नका. ज्या कागदावर कुणाचं नाव, खाते क्रमांक, आधार क्रमांक किंवा सही आहे तो कागद नष्ट करायच्या गठ्ठ्यातच गेला पाहिजे, कितीही सुंदर निळा असला तरी. आणि रीममधले कोरे कागद काढून टिकल्या पाडायच्या नाहीत. उरलेल्यातून करायचं ठरवलं की नजर शोधायला लागते. नवा कागद हातात आला की ती सवय लागतच नाही.

पहिलं चित्र: टिकल्यांचं

सुरुवात इथूनच करा, कारण यात हात सफाईदार असण्याची गरज नाही. रेघ काढायची नसते. गडद कुठे आणि फिकं कुठे एवढंच ठरवायचं असतं, आणि चित्रकलेतला अर्धा अभ्यास तोच आहे.

आधी टिकल्यांच्या छटा लावा. पाच कागदी कप घ्या. पहिल्यात कोऱ्या कागदाच्या टिकल्या. दुसऱ्यात ज्यांच्यावर एखाददुसरं अक्षर आहे अशा. तिसऱ्यात दाट मजकुराच्या, वर्तमानपत्राच्या बारीक टाइपातून पाडलेल्या. चौथ्यात छायाचित्रांच्या करड्या भागातल्या. पाचव्यात जाहिरातींच्या आणि मोठ्या मथळ्यांच्या काळ्या भागातल्या. टिकली हातात धरली की त्यावर ‘र’चा अर्धा भाग किंवा नुसती वेलांटी दिसते. दोन हात लांबून तीच टिकली राखाडी होते. अक्षराची शाई आणि कागदाचा पांढरा डोळ्यात मिसळतात, आणि रंग न वापरता राखाडीच्या तीन छटा मिळतात. हे नीट बघायला थोडा वेळ द्या: दुसऱ्या आणि तिसऱ्या कपातली एकेक मूठ दोन कागदांवर पसरा आणि मागे सरकत जा. कुठे अक्षरं संपतात आणि छटा सुरू होते ते अंतर लक्षात ठेवा. तुमचं चित्र त्याच अंतरावरून बघायचं आहे.

आता माप. टेबलावरच्या पंचिंग मशीनचं भोक साधारण ६ मिलिमीटरचं असतं, पण थोडा फरक पडतो. म्हणून दहा टिकल्या एका ओळीत चिकटून ठेवा, पट्टीने मोजा आणि दहाने भागा. ६ मिलिमीटर आलं तर १५ सेंटिमीटरच्या चौकोनात एका ओळीत २५ टिकल्या बसतात. २५ ओळींच्या मिळून ६२५. एका वेळी पाच कागद घातले तर एका दाबात दहा टिकल्या पडतात, म्हणजे ६३ वेळा दाबायचं. पाचापेक्षा जास्त कागद मशीन घेतं, पण कडा फाटक्या येतात. ए-४ कागद पूर्ण भरायचा तर ३५ गुणिले ४९, म्हणजे १७१५ टिकल्या लागतील. पहिल्या वेळी त्या वाटेला जाऊ नका.

विषय कोणता घ्यायचा? २५ गुणिले २५ मध्ये माणसाचा चेहरा येत नाही. डोळ्याला चार-पाच टिकल्याच वाट्याला येतात आणि चेहरा कुणाचाही दिसतो. ज्यात उजेड आणि सावली ठळक आहे अशी एकच वस्तू घ्या: चहाचा कप, किल्ली, पिंपळाचं पान, टेबलफॅन. खिडकीजवळ ठेवा, मोबाइलवर फोटो काढा, कृष्णधवल करा आणि डोळे बारीक करून बघा. बारीक डोळ्यांना जेवढं दिसतं तेवढंच काढायचं.

आराखड्यासाठी ऑफिसात आणखी एक उत्तम साधन पडून असतं, ते म्हणजे एक्सेल. ओळीची उंची सहसा १५ असते. कॉलमची रुंदी २.१४ च्या आसपास केली की घरं चौकोनी होतात. ए पासून वाय पर्यंतचे २५ कॉलम आणि २५ ओळी निवडा. प्रत्येक घरात कपाचा क्रमांक लिहा, १ ते ५. कंडिशनल फॉर्मॅटिंगने, म्हणजे आकड्यानुसार घर आपोआप रंगवायच्या सोयीने, प्रत्येक आकड्याला त्याची छटा द्या आणि झूम ४० टक्क्यांवर आणा. चित्र जमतंय की नाही ते लगेच कळतं. काउंटइफ हे मोजणीचं सूत्र वापरून कुठल्या कपातल्या किती टिकल्या लागणार तेही निघतं. जपानचे तात्सुओ होरिउची यांनी निवृत्तीनंतर एक्सेलमध्येच थेट निसर्गचित्रं काढायला घेतली, कारण चित्रांची सॉफ्टवेअरं महाग होती आणि एक्सेल संगणकात आधीपासून होतं. आज त्यांची चित्रं जगभर पाहिली जातात.

घरात रांगोळी काढणाऱ्या कुणालाही हे सगळं ओळखीचं वाटेल. ठिपक्यांची रांगोळी म्हणजे आराखडाच. तिच्यात ‘१५ ते ८’ अशी मधल्या ठिपक्यांची मांडणी असते, म्हणजे मधली ओळ १५ ठिपक्यांची आणि वर-खाली एकेक ठिपका कमी होत ८ वर येणारी. पुढच्या ओळीचा ठिपका आधीच्या दोन ठिपक्यांच्या मध्ये येतो. टिकल्यांनाही तीच मांडणी शोभते. समोरासमोर लावल्या तर चार टिकल्यांच्या मध्ये चौकोनी फट राहते आणि खालचा पुठ्ठा डोकावतो. मध्ये मध्ये लावल्या की फट लहान होते, ओळींमधलं अंतर ६ ऐवजी ५.२ मिलिमीटरवर येतं आणि गोलाई जास्त गुळगुळीत दिसते. पण आराखडा थोडा अवघड होतो, म्हणून हे दुसऱ्या चित्राला ठेवा.

चिकटवताना या क्रमाने जा:

१. फाईल कव्हरचा किंवा रीमच्या खोक्याचा पुठ्ठा १५ सेंटिमीटर चौरस कापा. पेन्सिलने ६ मिलिमीटरच्या रेघा आखा.

२. पंखा बंद करा. टेबल एसीच्या झोतात असेल तर जागा बदला.

३. बाटलीतला पातळ डिंक वापरू नका, त्याने टिकल्या फुगतात आणि वाळल्यावर कडा वर येतात. काडीचा कोरडा गोंद चांगला. एका वेळी दोनच ओळींना लावा, नाहीतर तिसऱ्या ओळीपर्यंत पोचेस्तोवर तो वाळतो.

४. टिकली बोटाने उचलू नका, घामाने चिकटते. कॅशियरकडे नोटा मोजायला ओला स्पंज असतो, त्यावर टूथपिकचं टोक टेकवा आणि त्या ओल्या टोकाने टिकली उचला. जागेवर ठेवून दुसऱ्या, कोरड्या टोकाने दाबा.

५. मधल्या ओळीपासून सुरुवात करा आणि वर-खाली जा. काठाकडून सुरुवात केली की ओळ थोडी जरी तिरकी गेली तरी ती चूक वाढत वाढत दुसऱ्या काठाला पोचते.

६. रोज दोन-तीन ओळी पुरेत. एका ओळीला सवय होईपर्यंत दहा मिनिटं लागतात असं धरा.

अर्ध्यावर आल्यावर चित्र बिघडलं असं हमखास वाटतं. जवळून बघितलं की नुसते ठिपके दिसतात. पुठ्ठा कपाटाला टेकवून ठेवा, दाराशी जा आणि तिथून बघा. एखादी छटा चुकलीच असेल तर टिकली काढायची नाही, पुठ्ठा सोलवटतो. तिच्यावर दुसरी लावायची.

काचेवरच्या चिठ्ठ्या

हे काम एकट्याचं नाही, दोघं-तिघं असतील तेव्हा घ्या. २०११ च्या उन्हाळ्यात पॅरिसजवळच्या माँत्रय इथे यूबिसॉफ्ट या व्हिडिओ गेमच्या कंपनीतल्या लोकांनी खिडकीवर चिकट चिठ्ठ्यांनी जुन्या खेळातली पात्रं लावली. समोरच्या बीएनपी पारिबा बँकेतल्या कर्मचाऱ्यांनी आपल्या खिडक्यांवर उत्तर दिलं, आणि ते लोण शहरभर पसरलं. जुन्या खेळांतली पात्रं चौकोनांचीच बनलेली होती आणि चिठ्ठीही चौकोनी, म्हणून ती इतकी चपखल बसली.

चौरस चिठ्ठी ७६ मिलिमीटरची असते. चार फूट बाय चार फुटांच्या काचेवर १६ गुणिले १६, म्हणजे २५६ चिठ्ठ्या बसतात. शंभराचे तीन पॅड. हे रद्दीतलं नाही, तेव्हा पॅडचे पैसे आपसात काढा.

चिठ्ठी सोलण्यात खरी मेख आहे. सगळे जण खालची कड धरून वर ओढतात, त्याने चिठ्ठी कुरळी होते आणि काचेवर नाक वर करून उभी राहते. गोंदाची पट्टी जिकडे आहे तिच्या एका टोकाला धरा आणि आडवी सोला, डावीकडून उजवीकडे. चिठ्ठी सपाट राहते. काच आधी कोरड्या फडक्याने पुसा. पावसाळ्यात आणि एसीच्या खोलीत काचेला ओल धरते आणि चिठ्ठ्या रात्रीतून गळतात. अशा वेळी खालच्या कोपऱ्याला पारदर्शक टेपचा बारीक तुकडा लावा. सरळ ओळीसाठी सुतळीला किल्ल्यांचा जुडगा बांधून वरून सोडा. गवंड्याचा ओळंबा तयार. त्या सुतळीला धरून मधला उभा स्तंभ आधी लावा.

आतून बघायचं की बाहेरून, हे आधीच ठरवा. बाहेरून बघणाऱ्याला चित्र उलट दिसतं, अक्षरं असतील तर आराखडाच उलटा करावा लागतो. दिवसा बाहेरून काच चमकते, चित्र नीट दिसत नाही. संध्याकाळी आतले दिवे लागले की ते उजळतं.

एकाच रंगाच्या चिठ्ठ्या असतील तर मला जास्त आनंद होतो. काचेवर मागून उजेड येतो. एक चिठ्ठी फिकी पिवळी दिसते, तिच्यावर दुसरी लावली की गडद, तिसरी लावली की जवळजवळ मातकट. एका पिवळ्या पॅडमधून तीन छटा. टाइपरायटरवर तेच अक्षर पुन्हा मारायचं, तसंच हे. आतून, दिवसाच्या उजेडात बघायचं चित्र याच पद्धतीने करा.

खाकी पाकीट आणि व्हाइटनर

आता रेघेकडे या. वापरलेलं खाकी पाकीट कडेने उघडा, आतली बाजू वर घ्या. त्यावर व्हाइटनरच्या पेनने रेघ ओढा. तपकिरीवर पांढरं. आपल्या राज्यात ही रंगसंगती कुठून आली ते सांगायला नको: डहाणू, तलासरी, जव्हारच्या वारली घरांच्या गेरूच्या भिंती आणि तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. हाताशी असलेल्या सामानातून चित्र कसं उभं राहतं याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. भिंतीला गेरू नाहीतर शेण-माती, घरातलं तांदळाचं पीठ, आणि चावून मऊ केलेली बांबूची काडी हा ब्रश. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी तीच रेघ कागदावर आणि कापडावर आणली, जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांच्याकडून आकारांची काटकसर शिका. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे माणसाचं धड, वर एक गोल म्हणजे डोकं, हातपाय साध्या रेघा. त्रिकोणांचा कल बदलला की माणूस वाकतो, धावतो, ओझं उचलतो. पण वारली लग्नात भिंतीवर काढतात तो चौक आणि त्यातली पालघट देवी उचलून पाकिटावर सजावट म्हणून काढू नका. तो विधी आहे, सवासिनी काढतात, त्याला जागा आणि वेळ ठरलेली आहे. तुम्ही तुमचं जग काढा. काउंटरपुढची रांग, डबा खायला गोल बसलेली माणसं, जिना चढणारा टपालवाला, फायलींचा गठ्ठा डोक्याइतका उचलून चाललेले मामा.

बाटलीतल्या ब्रशने बारीक रेघ येत नाही, धातूच्या टोकाचं पेन घ्या. आधी रद्दीवर दाबून धार सुरू करा. रेघ भरभर ओढा. थांबलात की थेंब जमतो. थेंबाचाही उपयोग आहे, डोकं काढायला तोच वापरा. एक रेघ वाळल्याशिवाय तिला छेदून दुसरी ओढू नका. खिडकी उघडी ठेवून काम करा, त्याच्या वासाने डोकं धरतं. चित्र झाल्यावर पाकिटाची घडी घालायची नाही, पांढऱ्याचे पोपडे निघतात.

ऑफिस नसेल तर

नेक चंद चंदीगडच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते. नवं शहर उभं राहत होतं, जुनी गावं पाडली जात होती, आणि त्यांच्या कामातच तुटकी कपबशी, फरशीचे तुकडे, बांगड्या, विजेचं फुटकं सामान यांचे ढीग समोर येत होते. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी ते सामान गुपचूप जंगलातल्या सरकारी जागेत नेऊन मूर्ती घडवल्या. सत्तरीच्या दशकात ते उघडकीला आलं. बाग पाडली गेली नाही, १९७६ साली लोकांसाठी खुली झाली. तीच आजची रॉक गार्डन. (परवानगीच्या बाबतीत मात्र त्यांचा कित्ता गिरवू नका.)

शिंप्याकडे कातरण असतं, आणि गोधडी हे त्याचं आपल्याकडचं जुनं, पक्कं उत्तर आहे. सुताराकडे रंध्याखालच्या झिलप्या असतात. सागवानाची झिलपी आणि आंब्याची झिलपी शेजारी ठेवली की दोन रंग मिळतात. गॅरेजमध्ये वॉशर आणि जुने नट असतात, रॉकेलमध्ये धुऊन कोरडे करूनच वापरा. लेथवरच्या लोखंडाच्या किसाला उघडा हात लावू नका, तो पात्यासारखा कापतो. दुकानात बिलाचा गुळगुळीत कागद असतो; त्यावर नखाने जोरात घासलं की घर्षणाच्या उष्णतेने काळी रेघ उमटते, पेन लागतच नाही. त्या कागदावर रसायनाचा थर असतो म्हणून जेवणाआधी हात धुवा. हे चित्र टिकत नाही, त्याचा लगेच फोटो काढा.

ठेवायचं कसं

टिकल्यांचं चित्र उन्हात लावू नका, वर्तमानपत्राचा कागद महिन्याभरात पिवळा पडायला लागतो. पारदर्शक फोल्डरमध्ये घालून आतल्या भिंतीवर लावा. चिठ्ठ्यांचे भडक रंग तर उन्हाने झपाट्याने उडतात, तेव्हा दोन-तीन आठवड्यांत काच मोकळी करा. काचेवर गोंदाची पट्टी राहिली तर साबणाच्या पाण्याने निघते. खाकीवरचं चित्र दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवा.

प्रत्येक चित्राच्या मागे तारीख, सामान आणि ते कुठून आलं हे लिहा: कुठल्या सालचं कॅलेंडर, कुणाच्या टेबलावरच्या टिकल्या. पुढच्या वेळी तीच छटा हवी झाली तर कुठे बघायचं ते कळतं.

दोन-तीन लहान चित्रं झाली की मोठ्या कामाला हात घाला. ऑफिसच्या गणपतीचं मखर हे त्यासाठी उत्तम निमित्त. २०१८ पासून राज्यात थर्माकोलच्या सजावटीला बंदी आहे, आणि रीमची खोकी प्रत्येक ऑफिसात साठतात. जूनपासून पुठ्ठा आणि टिकल्या साठवायला लागा, मागची पाटी दोन फूट बाय दोन फूट धरा. ६ मिलिमीटरच्या टिकल्यांनी ती भरायला दहा हजारांवर टिकल्या लागतात, म्हणून फक्त प्रभावळ टिकल्यांची करा आणि बाकी पुठ्ठा मोकळा सोडा. पुठ्ठ्याचा रंग मूर्तीमागे छान दिसतो.